ब्लॉकचेनवर भाषा स्वस्तात कशी चालवायची? स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, गॅस आणि सोयाबीनची पावती

राजेंद्रनगरकर (मूळ लेख)

नमस्कार मंडळी,

इंदूरात आम्हा मराठी प्रोग्रॅमर मंडळींचा एक छोटा अभ्यासगट आहे. काही जण सुपर कॉरिडॉरवरच्या कंपन्यांत, काही क्रिस्टल आयटी पार्कात, दोघे सिमरोलला आयआयटीत शिकतात. रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो आणि एक विषय मुळापासून घेतो. सध्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टच्या, म्हणजे ब्लॉकचेनवर (अनेक संगणकांनी मिळून सांभाळलेल्या सामायिक वहीवर, थोडक्यात साखळीवर) चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, भाषा चालू आहेत. 'असं लिहा, गॅस वाचेल' छापाच्या युक्त्या ढिगाने मिळतात; गॅस म्हणजे साखळीवरच्या प्रत्येक कामाची फी मोजायचं एकक. त्या का चालतात, त्यातलं कुठलं काम प्रोग्रॅमरने करायचं, कुठलं कंपायलरने (लिहिलेला कोड यंत्राच्या सूचनांत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमने) आणि कुठलं खालच्या आभासी यंत्राने (त्या सूचना चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने), हे मराठीत सलग कुठे वाचायला मिळालं नाही. म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, पटणार नाही तिथे सरळ सांगावं.

माझा मुद्दा आधीच मांडतो. ब्लॉकचेनवर भाषा कार्यक्षम आहे की नाही, हे तिच्याखालच्या दरपत्रकावरून ठरतं. त्या दरपत्रकात गणित फुकटासारखं आहे आणि साठवण सोन्याच्या भावाने आहे. जी भाषा हे दर लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ठेवते, आणि ज्या साखळीचे दर यंत्राच्या खऱ्या श्रमांशी जुळतात, तिथे काम स्वस्तात होतं. बाकी भाषेचं व्याकरण कितीही देखणं असो.

इथेरियम या साखळीचेच दर बघा. बेरीज ३ गॅस. गुणाकार ५. काही न करता नुसता व्यवहार पाठवायचा तरी २१,०००. आणि कोऱ्या स्लॉटमध्ये (कायमच्या साठवणीच्या एका कप्प्यात) पहिल्यांदा एक ३२ बाइटचा शब्द लिहायचा तर २२,१००. म्हणजे एका लिखाणाच्या पैशात सात हजारांहून जास्त बेरजा. हा दर कुणी उगाच लावलेला नाही. ही साठवण मर्कल-पॅट्रिशिया झाडात असते: पानांवर माहिती, आणि वर प्रत्येक जोडावर खालच्या माहितीचा हॅश, म्हणजे ठरावीक लांबीचा ठसा. एक स्लॉट बदलला की त्या पानापासून मुळापर्यंतचे सगळे हॅश बदलतात, आणि ते पान प्रत्येक पूर्ण नोडला (साखळी सांभाळणाऱ्या संगणकाला) आपल्या डिस्कवर ठेवावं लागतं. बेरीज करून नोड मोकळा होतो. लिहिलेलं मात्र त्याच्या गळ्यात राहतं.

आम्ही अभ्यासासाठी माळव्याला साजेसं उदाहरण घेतलं: गोदामात ठेवलेल्या सोयाबीनची पावती. पावतीवर काय लागतं? माल कुणाचा, वजन, ओलावा, दर्जा, जमा केल्याची तारीख. नवशिक्या माणूस यातलं प्रत्येक खातं (पावतीवरची एकेक नोंद) २५६ बिटांच्या पूर्णांकात ठेवतो, कारण सॉलिडिटी या इथेरियमच्या भाषेत 'यूइंट' (ऋण नसलेला पूर्णांक) म्हटलं की तोच मिळतो. पाच खाती, पाच स्लॉट, नुसत्या लिखाणाचे १,१०,५०० गॅस. आता हेच नीट मोजून:

मालक: ॲड्रेस, २० बाइट
वजन किलोत: यूइंट३२, ४ बाइट
ओलावा, टक्क्याच्या शंभराव्या भागात: यूइंट१६, २ बाइट
दर्जा: यूइंट८, १ बाइट
तारीख, सेकंदांत: यूइंट४०, ५ बाइट

बेरीज बरोबर ३२. अख्खी पावती एका स्लॉटमध्ये, २२,१०० गॅसमध्ये. वाचतानाही तेच: थंड स्लॉट (त्या व्यवहारात आधी न वाचलेला) वाचायला २,१०० पडतात, म्हणजे १०,५०० च्या जागी २,१००. खाती एकमेकांपासून सोडवायला शिफ्ट आणि मास्क (बिट सरकवणं आणि नको ते झाकणं) लागतात, पण ते प्रत्येकी ३ गॅसचे. बारा टक्के ओलावा म्हणजे १२०० हा आकडा, तो दोन बाइटांत आरामात मावतो. सेकंदांसाठी ५ बाइट घेतले कारण ४ बाइटांचे सेकंद २१०६ साली संपतात.

आता भाषेचा प्रश्न. ही मोजदाद माणसाने का करायची? सॉलिडिटी शेजारशेजारची लहान खाती एका स्लॉटमध्ये बसवते खरी, पण तुम्ही लिहिलेल्या क्रमानेच. मालक, मग ३२ बाइटचा दस्ताचा हॅश, मग उरलेलं, असं लिहिलंत तर तीन स्लॉट जातात. हॅश शेवटी नेलात तर दोन. कंपायलर स्वतः क्रम बदलत नाही, आणि माझ्या मते बरोबर करतो. अपग्रेड होणारी कॉन्ट्रॅक्टं एकाच साठवणीवर आधी जुना आणि मग नवा कोड चालवतात. कंपायलरने मनाने खाती हलवली तर उद्याचा कोड कालचं वजन ओलावा म्हणून वाचेल. पण क्रम बदलता येत नसला तरी 'इथे तुझा एक स्लॉट वाया जातोय' असं भाषेने बोलायला काय हरकत आहे? ते काम आज बाहेरची साधनं करतात.

जिथे काम निःसंशय कंपायलरचं आहे, तिथे ते हळूहळू तिकडे सरकतंही आहे. २०२० च्या डिसेंबरात सॉलिडिटी ०.८.० आली आणि प्रत्येक बेरजेवर ओव्हरफ्लोची (आकडा ठरलेल्या मापाबाहेर ओसंडण्याची) तपासणी आपोआप लागू झाली. सुरक्षिततेसाठी उत्तम, पण लूपच्या मोजणीवरही दर फेरीला तीच तपासणी. मग लोक 'अनचेक्ड' खंड लिहून ती काढू लागले आणि कोड विद्रूप होऊ लागला. जिथे मोजणी एकेकाने वाढते, तिची मर्यादा अटीतच लिहिलेली असते आणि आत तिला कुणी हात लावत नाही, तिथे ती ओसंडणं शक्यच नाही; हे कंपायलरला दिसतं. ०.८.२२ पासून तो स्वतःच ती तपासणी गाळतो. मला हा या क्षेत्रातला फार मोलाचा बदल वाटतो. प्रोग्रॅमरने साधं लिहावं, सिद्ध करता येईल तेवढं भाषेने सिद्ध करावं.

दुसरी अडचण यंत्राची. ईव्हीएम, म्हणजे इथेरियमचं आभासी यंत्र, हे स्टॅकवर (मूल्यांच्या एकावर एक रचलेल्या चळतीवर) चालणारं यंत्र. स्टॅक १०२४ खोल, पण हात पोचतो वरच्या १६ जागांपर्यंतच. एका फंक्शनमध्ये चल (व्हेरिएबल) वाढले की 'स्टॅक टू डीप' म्हणून कंपायलर हात वर करतो. युल या मधल्या भाषेतून जाणारी नवी वाट घेतली तर तो काही चल मेमरीत हलवून मार्ग काढतो, पण कंपाइल व्हायला वेळ लागतो.

तुम्ही कुठल्या साखळीवर, कुठल्या भाषेत लिहिता? तिथे सगळ्यात महाग काय पडतं?

निवृत्त रोखपाल

लेख आवडला. मला प्रोग्रॅमिंग येत नाही, पण पावतीचा हिशेब पूर्ण समजला. शंका अशी. बँकेत लॉकर घेतलं की दरवर्षी भाडं भरावं लागतं. तुम्ही म्हणता ते २२,१०० एकदाच भरायचे, आणि माल जगभरच्या नोडांनी कायमचा सांभाळायचा. हा व्यवहार कुणाला परवडणार? आणि लॉकर रिकामं केलं तर काही परत मिळतं का?

राजेंद्रनगरकर

ताई, तुम्ही नेमकी दुखरी जागा पकडलीत. इथेरियममध्ये भाडं नाहीच. एकदाच फी, साठवण कायमची. त्यामुळे साठा फुगतच जातो. भाडं लावायच्या कल्पना पुष्कळ निघाल्या, पण भाडं थकलं म्हणून कुणाच्या टोकनची नोंद पुसायची का, यावर एकमत होत नाही.

रिकामं केल्याबद्दल परतावा आहे. स्लॉट शून्य केला की पूर्वी १५,००० गॅस परत मिळायचे, व्यवहाराच्या एकूण खर्चाच्या निम्म्यापर्यंत. त्याचा लोकांनी असा उपयोग केला की गॅस स्वस्त असताना निरर्थक स्लॉट भरून ठेवायचे आणि महागला की ते पुसून परतावा घ्यायचा. म्हणजे साठवण कमी व्हावी म्हणून ठेवलेली सूट साठवण वाढवायला कारणीभूत झाली. ऑगस्ट २०२१ च्या 'लंडन' नावाच्या बदलात परतावा ४,८०० वर आणला आणि मर्यादा एक पंचमांश केली.

सोलाना या दुसऱ्या साखळीची पद्धत तुमच्या मनाजोगती आहे. तिथे साठवणीच्या प्रत्येक खात्यात त्याच्या आकारमानानुसार अनामत ठेवावी लागते, खातं बंद केलं की ती परत मिळते. त्याचा भाषेवरही परिणाम होतो: तिथला प्रोग्रॅमर खातं बंद करायची वाट पहिल्याच दिवशी लिहून ठेवतो.

यंत्रघर

मूळचा रामबागेतला, आता बंगळुरात आभासी यंत्रांवरच काम करतो. इंदूरहून असा धागा आलेला पाहून फार बरं वाटलं.

साठवण महाग हे मान्य, पण राजेंद्रनगरकरांनी यंत्राला जरा कमी लेखलंय. ईव्हीएमचा प्रत्येक शब्द २५६ बिटांचा. आपले प्रोसेसर ६४ बिटांचे. म्हणजे लूपची मोजणी शून्यावरून एकवर न्यायची तरी चार तुकड्यांत बेरीज आणि हातचे. त्यावर इंटरप्रिटर: प्रत्येक सूचनेला गॅस वजा कर, स्टॅक तपास, पुढे जा. हॅश आणि सह्यांच्या गणितासाठी २५६ बिट सोयीचे आहेत, पण बाकी कामात त्यातले बहुतेक बिट शून्यच असतात.

म्हणूनच वेबअसेंब्लीकडे (मूळच्या ब्राउझरसाठीच्या यंत्रभाषेकडे) लोक वळले. साखळ्या आणि त्यांची साधनं सांगायची तर निअर, कॉसमवॅझम, पोल्काडॉटची जुनी इंक भाषा, आणि २०२४ पासून आर्बिट्रमचं स्टायलस. रस्ट या भाषेत लिहा, वेबअसेंब्लीत उतरवा, तिथून थेट प्रोसेसरच्या भाषेत. शुद्ध गणिताची कामं यात कितीतरी स्वस्त पडतात. पण दोन काटे आहेत, आणि ते ब्राउझरमध्ये नसतात.

पहिला काटा, सगळ्या नोडांवर उत्तर बिटाबिटाने तेच यायला हवं. दशांश अपूर्णांकांच्या गणितात 'ही संख्याच नव्हे' असं दाखवणारी मूल्यं यंत्रागणिक वेगळ्या बिटांची निघू शकतात, म्हणून काही साखळ्या तसलं गणित सरळ नाकारतात.

दुसरा काटा कंपायलरचा. ब्राउझरमधला कंपायलर हुशार असतो. गरम कोड दिसला की जास्त वेळ घेऊन तो सुधारतो. साखळीवर कोड लिहिणारा तुमचा शत्रू असू शकतो. तो मुद्दाम असा कोड देईल की चालायला क्षणभर, पण सुधारायला कंपायलरचा घाम निघेल, आणि त्या घामाचे पैसे कुणीच भरलेले नसतील. म्हणून इथे एकाच फेरीत, कोडच्या लांबीच्या प्रमाणातच वेळ घेणारे साधे कंपायलर पसंत करतात. थोडा मंद कोड चालेल, पण वेळेची हमी हवी.

गॅस मोजण्यातही युक्ती आहे. प्रत्येक सूचनेला मीटर वाढवत बसण्यापेक्षा, जिथे मध्ये उडी नाही अशा सलग तुकड्याची बेरीज आधीच करून ठेवायची आणि तुकड्यात शिरताना एकदाच वजा करायची. मीटरचाच खर्च यामुळे खूप उतरतो.

पोल्काडॉट आता याही पुढे रिस्क-फाइव्हकडे (प्रोसेसरच्या सूचनांच्या एका खुल्या संचाकडे) गेलं आहे. वेबअसेंब्लीही स्टॅकचं यंत्र आहे. तिचं रजिस्टरांत (प्रोसेसरमधल्या मोजक्या कप्प्यांत) रूपांतर करणं हेच कष्टाचं काम. रिस्क-फाइव्हच्या छोट्या आवृत्तीत १६ रजिस्टरं आहेत, आपल्या नेहमीच्या प्रोसेसरांवर ती जवळजवळ एकास एक बसतात, त्यामुळे साधा एका फेरीचा कंपायलरही चांगला कोड काढतो. एप्रिल २०२५ मध्ये इथेरियमचे एक संस्थापक विटालिक ब्युटेरिन यांनी इथेरियमसाठीही दूरच्या पल्ल्यात ईव्हीएमच्या जागी रिस्क-फाइव्ह आणायचा प्रस्ताव मांडला.

राजेंद्रनगरकर

फार मोलाची भर, धन्यवाद. 'घामाचे पैसे कुणीच भरलेले नसतील' हे वाक्य गटात वाचून दाखवणार आहे. इथेरियमवरचे २०१६ चे हल्ले याच जातीचे होते. दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टच्या कोडची लांबी विचारणाऱ्या सूचनेचा दर तेव्हा फक्त २० गॅस होता, पण उत्तरासाठी नोडला डिस्क वाचावी लागायची. हल्लेखोराने एकेका ब्लॉकमध्ये ती सूचना सुमारे ५०,००० वेळा बोलावली आणि नोड धापा टाकू लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दर २० वरून ७०० केला. साठवण वाचायचा दरही असाच ५० वरून २००, मग ८००, आणि २०२१ मध्ये थंड वाचनाला २,१०० असा चढत गेला. कंपायलरचा दोष यात काहीच नव्हता, दरपत्रक खोटं होतं.

म्हणून यंत्र वेगवान करण्याला माझा विरोध नाही. यंत्र बदललं की दरही तितक्याच काळजीने पुन्हा मोजायला हवेत, एवढंच म्हणतोय.

लॅम्डाप्रेमी

राजेंद्रनगरकर दादा, सिमरोलच्या दोघांपैकी एक मी! रविवारी अर्धवट राहिलेलं इथे लिहिते.

कार्डानो या साखळीचं चित्र पूर्ण वेगळं आहे. तिथे खाली स्टॅकही नाही, रजिस्टरही नाही. प्लूटस कोअर नावाची लॅम्डा कॅल्क्युलसची (सगळं फंक्शनांतून मांडणाऱ्या गणिती पद्धतीची) छोटी भाषा आहे. हॅस्केल या भाषेसारखं लिहायचं, ते उतरत उतरत टाइपही (मूल्यांचे प्रकारही) गळलेल्या लॅम्डात येतं आणि नोड तेच चालवतो. बजेट दोन आकड्यांत: वेळेचं आणि मेमरीचं.

सगळ्यात महाग काय पडायचं, तर स्वतः कोडच. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉन्ट्रॅक्ट सुरू झाली तेव्हा पैसे सोडवणाऱ्या प्रत्येक व्यवहारासोबत अख्खी स्क्रिप्ट (कॉन्ट्रॅक्टचा कोड) पाठवावी लागे, आणि व्यवहाराची मर्यादा १६ केबी. एकाच कॉन्ट्रॅक्टचा कोड पुन्हा पुन्हा साखळीवर. सप्टेंबर २०२२ च्या वासिल बदलात स्क्रिप्ट एकदाच साखळीवर ठेवून पुढच्या व्यवहारांतून तिचा नुसता संदर्भ द्यायची सोय झाली.

दुसरी गोष्ट मला फार सुंदर वाटते. 'दर्जा अ, ब किंवा क' असा पर्यायांचा प्रकार लॅम्डा कॅल्क्युलसमध्ये कसा लिहिणार? सुरुवातीला स्कॉट एन्कोडिंग वापरलं: प्रत्येक पर्याय म्हणजे एक फंक्शन, आणि निवड म्हणजे त्या फंक्शनला सगळ्या शाखा हातात देणं. गणिताने निर्दोष, पण प्रत्येक निवडीला फंक्शनं लावत बसायचं. शेवटी तिसऱ्या आवृत्तीत, २०२४ मध्ये, पर्याय बांधणं आणि पर्याय निवडणं या दोन गोष्टी यंत्रातच घातल्या. भाषा थोडी मोठी झाली, प्रोग्रॅम लहान आणि स्वस्त झाले. माझ्यासारख्या शुद्धतावादी मुलीलाही हे पटलं. जी गोष्ट प्रत्येक प्रोग्रॅम करतोच, ती यंत्राला थेट यायला हवी.

निवृत्त रोखपाल

सगळं कळलं असं नाही, पण वाचतेय. लॉकरच्या उत्तराबद्दल धन्यवाद राजेंद्रनगरकर.

छावणीवाला

आमचं छावणीच्या मंडीत तीन पिढ्यांचं काम. मुलाने हा धागा दाखवला. भाऊ, तुमच्या गॅसचं मला ठाऊक नाही, पण पावती अपुरी आहे.

शेतकरी माल गोदामात का ठेवतो? भाव पडलेला असतो म्हणून. आणि तोवर घर चालवायला पावती तारण ठेवून बँकेकडून कर्ज घेतो. माल तारण आहे का, कुठल्या बँकेकडे, हे पावतीवर नसेल तर तो कागद कुणी हातात घेणार नाही. कुठल्या गोदामात आहे तेही नाही. शिवाय माल एकदम उचलला जात नाही, थोडा थोडा निघतो. आणि हे सगळं सरकारच्या इलेक्ट्रॉनिक पावत्यांत २०१७ पासून आहे. गोदाम नियामक प्राधिकरणाने मान्य केलेल्या दोन रिपॉझिटरी आहेत, बँका त्यावर कर्ज देतात. मग ब्लॉकचेन कशाला?

राजेंद्रनगरकर

दादा, तुमचा प्रतिसाद सगळ्यात कामाचा.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. जिथे सगळ्यांचा विश्वास असलेली एक नोंदणी संस्था आहे तिथे साधा डेटाबेस पुरतो आणि तोच वापरावा. आम्ही हे उदाहरण भाषा शिकायला घेतलंय, कुणाला विकायला नाही.

आता पावती. ३२ पैकी ३२ बाइट आधीच भरलेत, म्हणून जागा काढावी लागेल. तारखेला सेकंद कशाला हवेत? मंडीत दिवस मोजतात. १९७० पासूनचे दिवस २ बाइटांत २१४९ पर्यंत पुरतात. तीन बाइट सुटले. दोन गोदामाच्या क्रमांकाला, म्हणजे ६५ हजारांवर गोदामं. राहिला एक. बँकेचा ॲड्रेस २० बाइटचा आहे, तो इथे मावणार नाही. पण बँकांची यादी वेगळी एकदाच ठेवली तर पावतीवर फक्त अनुक्रमांक पुरतो: शून्य म्हणजे तारण नाही, १ ते २५५ म्हणजे त्या क्रमांकाची बँक. तारण सोडवतानाच काय ती यादी वाचायची, २,१०० गॅस. पुन्हा बरोबर ३२.

थोडा थोडा माल काढायचं म्हणाल तर उलट ते स्वस्त आहे. भरलेल्या स्लॉटमध्ये आकडा बदलायला ५,००० लागतात, २२,१०० नाही. शेवटचं पोतं निघालं की स्लॉट शून्य करायचा आणि ४,८०० परत घ्यायचे.

यंत्रघर

हे वाचून उभा राहून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. छावणीवाल्या दादांच्या एका प्रश्नाने जी रचना सुधारली ती कुठल्याही ऑप्टिमायझरला सुचली नसती. तारखेला दिवस पुरतात हे कंपायलरला कळणार कुठून?

आणखी एक वाट सुचवतो. दिवसभराच्या सगळ्या पावत्यांचं मर्कल झाड साखळीबाहेर बांधायचं आणि फक्त मूळ, ३२ बाइट, साखळीवर ठेवायचं. हजारभर पावत्या, एक स्लॉट. ज्याला आपली पावती सिद्ध करायची त्याने दहा हॅश सोबत आणायचे, ३२० बाइट. व्यवहारासोबतच्या डेटाचा दर बाइटला १६ धरला तर ५,१२० गॅस. दोन हॅश जोडून एक काढायला ४२, दहा वेळा.

राजेंद्रनगरकर

विचार केला होता, पण पावतीसाठी मी ते करणार नाही. पानं सांभाळायची कुणी? ती हरवली तर मूळ साखळीवर असूनही शेतकऱ्याच्या हातात काही नाही. शिवाय तारण आणि उचल यामुळे पावती रोज बदलते, आणि प्रत्येक बदलाला मूळ पुन्हा काढावं लागेल. एकदाच वाटायची आणि नंतर न बदलणारी यादी असेल, उदाहरणार्थ अनुदानाची, तर तुमचीच पद्धत उत्तम.

दांडिया बाजार

वडोदऱ्याहून. कॉन्ट्रॅक्टची तपासणी हाच माझा व्यवसाय. सगळे गॅस वाचवण्यावर बोलत आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

वायपर ही भाषा मुद्दाम साधी ठेवलेली, वाचायला सोपी, सुरक्षिततेसाठी नावाजलेली. तिच्यात पुनःप्रवेश (पहिलं काम पुरं होण्याआधीच बाहेरून पुन्हा आत शिरणं) रोखायचं कुलूप भाषेतच दिलेलं आहे. ०.२.१५, ०.२.१६ आणि ०.३.० या आवृत्त्यांमध्ये त्या कुलपाला स्लॉट देताना कंपायलर चुकला: एकाच नावाचं कुलूप असूनही प्रत्येक फंक्शनला वेगळा स्लॉट मिळाला. एका दाराला कुलूप, दुसरं उघडं. जुलै २०२३ मध्ये याच फटीतून कर्व्ह या टोकन अदलाबदलीच्या सेवेच्या काही पूलमधून (सामायिक निधींतून) पैसे गेले. कॉन्ट्रॅक्ट लिहिणाऱ्यांचा कोड बरोबर होता. तपासणाऱ्यांनी मूळ कोड वाचला, बाइटकोड (कंपायलरने काढलेल्या यंत्राच्या सूचना) कुणी वाचला नाही.

स्लॉट वाटणं हे कंपायलरचं काम असावं असं इथे ठरतंय, माझी ना नाही. पण मग निघालेल्या बाइटकोडची स्वतंत्र तपासणीही हवी. मूव्ह भाषेने हे चांगलं केलंय. २०१९ मध्ये फेसबुकच्या लिब्रा प्रकल्पात ती जन्मली, आज ॲप्टॉस आणि सुई या साखळ्या तिच्यावर चालतात. तिथे कोड साखळीवर चढतानाच बाइटकोडचा पडताळा होतो: टाइप जुळतात का, मालमत्ता दुहेरी होत नाही ना, हरवत नाही ना. पडताळा चढवताना एकदा. चालताना तेच पुन्हा तपासत बसावं लागत नाही. सुरक्षितता आणि स्वस्ताई एकाच निर्णयातून मिळालेली मी फार कमी ठिकाणी पाहिली आहे.

राजेंद्रनगरकर

पूर्ण सहमत. कुलपाबद्दल एक जोडतो. तात्पुरती साठवण ही सोय मार्च २०२४ मध्ये इथेरियममध्ये आली. व्यवहार संपला की ती आपोआप पुसली जाते, लिहायला-वाचायला १०० गॅस. तोवर एका व्यवहारापुरतं कुलूपही कायमच्या साठवणीत ठेवावं लागायचं. म्हणजे भाषा वर्षानुवर्षं एका चुकीच्या कपाटात वस्तू ठेवत होती, कारण दुसरं कपाटच नव्हतं. काही सुधारणा भाषेत कितीही डोकं चालवून होत नाहीत, यंत्रालाच हात घालावा लागतो. यंत्रघर, इथे तुमचं म्हणणं मी मान्य करतो.

यंत्रघर

मान्य केलंत, आनंद आहे! आता तुमच्याच मुद्द्याला बळ देतो. शून्य-ज्ञान पुराव्यांवर (काम पुन्हा न करता ते बरोबर झाल्याची खात्री देणाऱ्या गणिती पुराव्यांवर) चालणाऱ्या साखळ्यांत दरपत्रक उलटंपालटं होतं. तिथे खरा खर्च कोड चालवण्याचा कमी आणि तो बरोबर चालला याचा पुरावा बनवण्याचा जास्त. ईव्हीएमवर स्वस्त असलेलं केचॅक हॅशिंग (इथेरियमची हॅश काढायची पद्धत) पुराव्यात फार जड, शिफ्ट आणि मास्कसारखी बिटांची कामंही जड. स्टार्कनेटची कैरो भाषा म्हणून एका मोठ्या मूळ संख्येच्या क्षेत्रातल्या संख्यांवर उभी आहे, आणि हॅशसाठी तिथे पोसायडनसारखे पुराव्याला सोपे प्रकार वापरतात. तुमची बाइट मोजून बसवलेली पावती तिथे त्याच प्रमाणात स्वस्त पडेलच असं नाही, कारण खाती सोडवण्याचे बिट तिथे महागात जातात.

लॅम्डाप्रेमी

मग एकाच भाषेत लिहून सगळीकडे स्वस्त चालेल, ही आशा सोडायची का?

यंत्रघर

अर्थ एकच ठेवता येईल, मांडणी प्रत्येक ठिकाणी वेगळी. पावतीत कुठली खाती आहेत आणि त्यांच्या मर्यादा काय, एवढं प्रोग्रॅमरने सांगावं: वजन इतक्यापर्यंत, तारीख दिवसांत. ती कशी बसवायची हे त्या त्या साखळीच्या कंपायलरने ठरवावं. मर्यादा सांगायची सोय आजच्या बहुतेक भाषांत फक्त ८, १६, ३२ अशा ठरीव मापांत आहे. 'ओलावा ० ते १०,०००' असं लिहिता येत नाही, यूइंट१६ लिहावं लागतं. मला काम करावंसं वाटतं ते इथे.

छावणीवाला

भाऊ, एक राहिलं. माल आत येताना ओलावा मोजतात तसा बाहेर जाताना पण मोजतात. मधल्या काळात वाळून वजन घटतं, त्यावरून भांडणं होतात. दोन्ही आकडे लिहून ठेवायला हवेत. आता तुमच्याकडे जागा नाही.

राजेंद्रनगरकर

जागा लागणार नाही, दादा. बाहेर जातानाचा ओलावा कॉन्ट्रॅक्टला पुढच्या कुठल्या निर्णयासाठी लागत नाही. तो लागतो भांडण झालं तर माणसांना. असे आकडे साठवणीत न ठेवता लॉगमध्ये (व्यवहारासोबतच्या नुसत्या नोंदीत) टाकायचे. लॉगला सुरुवातीचे ३७५, पावती क्रमांकाने शोधता यावं म्हणून आणखी ३७५, आणि पुढे बाइटला ८. उचल केलेलं वजन, ओलावा आणि तारीख ३२ बाइटांत धरली तर सगळे मिळून १,००६ गॅस. कॉन्ट्रॅक्ट स्वतः लॉग परत वाचू शकत नाही, पण जुने लॉग सांभाळणाऱ्या नोडवरून तुम्ही, शेतकरी आणि बँक तो बघू शकता. प्रत्येक उचलीची एक ओळ, म्हणजे घट कधी आणि किती झाली तेही दिसेल. रविवारी हाच भाग लिहायला घेतोय, वेळ असेल तर मुलाला घेऊन या.